शुश्रूषेच्या दिवसातला एक तास आणि साठीनंतरची ट्रायथलॉन

घरात दीर्घकाळ आजारी माणूस असले, की दिवसाचे तास आपले राहत नाहीत. सकाळची औषधे, अंग पुसून देणे, पथ्याचा स्वयंपाक, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच आलेली हाक, रात्री दोनदा उठून कूस बदलून देणे. आपणांपैकी कित्येक जण हा दिनक्रम वर्षानुवर्षे निभावत आहात. अशा वेळी कोणी ‘जरा स्वतःच्या प्रकृतीकडेही पाहा’ असे म्हटले, तर आपण कसनुसे हसता. अंथरुणावरचे माणूस वाट पाहत असताना आपण बागेत फेऱ्या मारणे बरे दिसेल का, हा प्रश्न मनातून जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय एक अतिशय कष्टाचा खेळ आहे. परंतु त्याची वाट याच प्रश्नावरून जाते.

जपानमधील हिरोमु इनादा हे गृहस्थ १९३२ साली जन्मले. एनएचके या तेथील प्रसारण संस्थेत ते वार्ताहर होते. पत्नी दुर्धर व्याधीने आजारी पडली, तेव्हा साठाव्या वर्षी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी तिच्या शुश्रूषेला वाहून घेतले. त्याच काळात, शुश्रूषा करायची तर आपली प्रकृती धड राहिली पाहिजे, एवढ्याच हेतूने ते घराजवळच्या तलावात पोहू लागले. पदके, विक्रम, स्पर्धा यांचा विचारही तेव्हा नव्हता. सत्तराव्या वर्षी त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली. पत्नीच्या निधनानंतर तर ते या खेळातच अधिकाधिक रमत गेले. पुढे २०१८ साली हवाई बेटावरील कोना येथे आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा पूर्ण करून ते ती पूर्ण करणारे सर्वांत वयस्क पुरुष ठरले. त्या दिवशी त्यांचे वय ८५ वर्षे आणि ३२८ दिवस होते.

ही कथा वाचून उद्याच समुद्रात उडी घ्यावी, असा आमचा आग्रह नाही. या कथेतला सर्वांत मोलाचा भाग कोनाच्या किनाऱ्यावर घडलेला नाही. तो त्यापूर्वी सव्वीस वर्षे, आजारी पत्नीच्या घराजवळच्या एका तलावात सुरू झाला. त्या एका तासाचा विचार आपण करणार आहोत.

खेळाचे स्वरूप

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी मध्ये न थांबता एकापाठोपाठ एक करणे म्हणजे ट्रायथलॉन. घड्याळ पाण्यात उतरताना सुरू होते आणि धावणे संपल्यावरच थांबते. कपडे बदलण्यात, बूट घालण्यात गेलेला वेळही त्यातच मोजला जातो. या नावाची पहिली आधुनिक स्पर्धा १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाली. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन स्पर्धा झाली, तेव्हा पंधरा जण निघाले आणि बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

आयर्नमॅन हे या खेळाचे सर्वांत परिचित रूप होय. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, असा त्याचा पल्ला असतो आणि त्यासाठी साधारणतः सतरा तासांची मर्यादा असते. परंतु हौशी माणसाने नजर लावावी तो पल्ला हा नव्हे. ऑलिंपिक प्रकारात दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. स्प्रिंट प्रकारात हे सारे निम्मे होते, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. आपल्याकडे गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ सालापासून अर्ध्या पल्ल्याची आयर्नमॅन स्पर्धा होऊ लागली आणि तेव्हापासून अनेक मराठी घरांत हा शब्द पोहोचला.

ज्येष्ठांच्या दृष्टीने या खेळाची एक व्यवस्था मोठी दिलासा देणारी आहे. हौशी खेळाडूंचे गट सामान्यतः पाच पाच वर्षांच्या वयोगटांनी पाडलेले असतात. वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला आपले जे वय होईल, त्यावरून गट ठरतो. त्यामुळे ज्या वर्षी सत्तरी गाठायची, त्या वर्षी माणूस सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या गटात सर्वांत तरुण ठरतो. वाढदिवसाची आतुरतेने वाट पाहणारे सत्तरीचे लोक आपल्याला फार थोड्या ठिकाणी भेटतील!

दहा वर्षांची चढण

इनादा यांच्या आयुष्यातील आकडे पुन्हा एकदा पाहा. साठाव्या वर्षी पोहणे, सत्तराव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन. मधली दहा वर्षे सहज वाचून आपण पुढे जातो. परंतु सारे मर्म त्या वर्षांतच आहे. सिस्टर मॅडोना बुडर या अमेरिकी जोगिणीने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावण्यास आरंभ केला, बावन्नाव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन केली आणि २०१२ साली, ८२व्या वर्षी, कॅनडातील आयर्नमॅन पूर्ण केली. नॅटली ग्रॅबो या बाई पोहायला शिकल्याच मुळी एकोणसाठाव्या वर्षी. २०२५ साली, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी कोना येथील स्पर्धा पूर्ण केली. या तिघांची प्रकृती असामान्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तिघांनीही घाई केली नाही, ही गोष्ट मात्र आपल्या आवाक्यातली आहे.

वय वाढते तसे स्नायू क्षीण होत जातात, तोल राखण्याची शक्ती मंदावते आणि श्रमांनंतर शरीर पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो. म्हणूनच तीन वेगवेगळे व्यायाम आलटून पालटून करण्याची या खेळातली पद्धत ज्येष्ठांना मानवते. पाण्यात शरीराचा भार उचलला जातो. गुडघे-कंबर दुखणाऱ्यालाही तेथे हातपाय मोकळे करता येतात. सायकलीने मांड्या बळकट होतात आणि तरीही सांध्यांवर आघात होत नाही. मात्र केवळ पोहण्याने व सायकलीने हाडांना पुरेसे काम मिळत नाही. हाडे टिकण्यासाठी त्यांच्यावर शरीराचा भार पडावा लागतो आणि ते काम चालण्या-धावण्याने होते. अशा रीतीने तिन्ही अंगे एकमेकांची उणीव भरून काढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात, पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन वा अधिक दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि तीन वा अधिक दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असे सांगितले आहे. आपली घरगुती ट्रायथलॉन या मोजपट्टीवर बेतावी. दोन दिवस पाणी, दोन दिवस सायकल, दोन दिवस चालणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. बळ आणि तोल यांसाठी चालण्याच्या दोन्ही दिवशी व सायकलीच्या एका दिवशी खुर्चीतून हातांच्या आधाराविना दहा वेळा उठावे व भिंतीजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. जवळ जलतरण तलाव नसेल, तर पाण्याच्या दिवशी खांदे व पाठ यांचे व्यायाम करावेत. रस्त्यावरच्या रहदारीची भीती वाटत असेल, तर घरातली स्थिर सायकल उत्तम. श्रमांचे माप साधे आहे: व्यायाम करताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, मात्र गाणे म्हणता येऊ नये.

आपल्या पिढीतील पुष्कळ जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले आणि मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून सायकल चालवू लागले. ते कसब शरीर विसरत नाही. परंतु दम आणि स्नायू विसरलेले असतात. चाळीस वर्षांनी पाण्यात उतरताना आपण पूर्वीचेच पोहणारे आहोत असे समजणे, ही या वयातली सर्वांत मोठी चूक होय. पहिले काही महिने छातीएवढ्या पाण्यात, जीवरक्षकाच्या नजरेसमोर, एखाद्या प्रशिक्षकाच्या हाताखाली काढावेत.

डॉक्टरांशी बोलताना

या खेळाचा धोका लपवून ठेवणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांच्या तीन दशकांचा आढावा घेणारे एक संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेत मृत्यू येण्याचे प्रमाण एकंदरीत अत्यल्प असले, तरी त्यांतील बहुसंख्य घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या आणि पुरुषांमध्ये वयाबरोबर हा धोका स्पष्टपणे वाढत गेला, असे त्यात आढळले. ज्यांचे शवविच्छेदन झाले, त्यांतील अनेकांच्या हृदयात दोष होते. म्हणून स्पर्धेचा विचार मनात येताच पहिली पायरी डॉक्टरांची. रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास चालत्या पट्ट्यावरची ताण-चाचणी करून घ्यावी. ‘मला काहीच होत नाही’ हे आपले म्हणणे तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

आपण घेत असलेल्या गोळ्यांची संपूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवावी, कारण काही औषधे व्यायामाची गणिते बदलतात. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांनी नाडीची गती कमी राहते. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातील आकडा कमी दिसला, तरी शरीर थकलेले असू शकते. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातील पाणी आणि क्षार उन्हात लवकर घटतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर दीर्घ व्यायामात आणि कधी कधी त्यानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही, साखर एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना सायकलवरून पडून डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम दिसो वा न दिसो, तत्काळ रुग्णालय गाठावे.

वाढत्या वयात तहान उशिरा जाणवते. म्हणून तहानेची वाट न पाहता मधून मधून घोट घोट पाणी घ्यावे. मात्र भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी पिणेही घातक असते. त्यामुळे रक्तातील सोडियम खाली जाऊन गुंगी, उलट्या आणि झटके येण्यापर्यंत पाळी येऊ शकते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितलेले आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

व्यायामात छातीवर दाब येणे, जबडा, खांदा किंवा हात भरून येणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे, थंड घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी थांबावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. मधुमेही व वयोवृद्ध व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे.

पाच सेकंद

पुन्हा इनादा यांच्याकडे वळू. २०१५ साली, ८२व्या वर्षी, ते कोना येथील स्पर्धेत उतरले होते. सोळा तासांहून अधिक काळ पोहून, सायकल चालवून, धावून ते शेवटच्या रेषेजवळ आले. पाय साथ देत नव्हते. रेषा समोर दिसत असताना ते कोसळले आणि पुन्हा उठले. त्यांनी रेषा ओलांडली तेव्हा ठरलेली वेळ संपून पाच सेकंद झाले होते. नियमानुसार त्यांची स्पर्धा पूर्ण झाली नाही.

पाच सेकंदांसाठी नियम थोडा वाकवला असता तर काय बिघडले असते, असे आपल्याला वाटेल. परंतु वेळेची मर्यादा असते ती खेळाडूच्याच रक्षणासाठी. रस्ता बंद ठेवणारे पोलीस, पाण्यातले जीवरक्षक, तंबूतले डॉक्टर यांच्या साहाय्याला अंत असतो आणि थकलेल्या शरीरालाही असतो. इनादा पुढच्या वर्षी पुन्हा आले आणि वेळेत पोहोचले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी तो पंच्याऐंशीव्या वर्षाचा विक्रम केला.

यातून घेण्यासारखा बोध असा, की थांबणे हेही या खेळातले एक कौशल्य आहे आणि ते सरावानेच येते. पोहताना दम लागला, तर होडीला किंवा तरंगत्या खुणेला धरून विसावा घेण्याची मुभा नियमांतच दिलेली असते. तिला धरून पुढे मात्र सरकता येत नाही. हा नियम सराव करतानाही मनात ठेवावा. ज्या दिवशी ताप आहे, रात्र जागरणात गेली आहे, सांधा सुजला आहे, त्या दिवशी काठ धरून थांबावे. जीव तोडून एक दिवस केलेल्या पराक्रमापेक्षा पुढच्या वर्षी पुन्हा येता येणे अधिक मोलाचे आहे. शुश्रूषा करणाऱ्यांनाही हे लागू पडते. आज सारे बळ एकाच रात्री खर्च केले, तर उद्याची सकाळ कोण सांभाळणार?

काठावरची माणसे

आता दोन शब्द मुलांसाठी, सुनांसाठी, जावयांसाठी. पासष्टीचे वडील किंवा सासूबाई एके दिवशी ‘मी ट्रायथलॉन करणार’ असे म्हणाल्या, तर पहिल्यांदा हसू येते, मग काळजी वाटते. ‘या वयात कशाला नसते उद्योग?’ हे वाक्य कृपया ओठांवर आणू नये. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत: तपासणी कधी करू या? तलावावर सोबत कोण असेल? कोणत्या पल्ल्यापासून आरंभ? सायकलवर शिरस्त्राण घालणार ना? स्पर्धेतही शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्याशिवाय सायकलीला हात लावता येत नाही. घरीही तोच नियम असावा.

या खेळाचा आणखी एक नियम कुटुंबीयांना प्रथम कठोर वाटतो. स्पर्धा चालू असताना घरच्यांना आपल्या माणसाला पाणी देता येत नाही, सायकल दुरुस्त करता येत नाही, हात धरून नेता येत नाही. बाहेरची मदत केवळ आयोजकांच्या माणसांकडूनच मिळते. घरच्यांनी काठावर उभे राहून हाक मारायची, एवढेच. ज्यांनी वर्षानुवर्षे कोणाचे ना कोणाचे सारे काही हाताने केले आहे, त्यांना असे नुसते उभे राहणे जड जाते. पण ज्येष्ठ माणसाला जे स्वतः करता येते ते त्याला करू देणे, ही शुश्रूषेतली फार मोठी गोष्ट आहे. शर्टाची बटणे लावायला दहा मिनिटे लागत असतील, तर लागू द्यावीत.

अनेक स्पर्धांमध्ये तिघांनी मिळून भाग घेण्याचीही सोय असते. एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल चालवायची, तिसऱ्याने धावायचे. पोहून आलेला माणूस घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी पट्टी सोडून पुढच्याच्या पायाला बांधतो आणि तेथे त्याचे काम संपते. आजोबांनी पोहावे, मुलीने सायकल चालवावी, नातवाने धावावे, असा संघ एखाद्या घरातून सहज उभा राहू शकेल.

आणि ज्या घरात स्पर्धेचा विषयच नाही, त्या घरानेही ही पट्टी एकमेकांच्या पायाला बांधण्याची रीत उचलावी. एकट्या सुनेने किंवा एकट्या वृद्ध पतीने तिन्ही टप्पे पार करावेत, अशी अपेक्षा आपण नकळत करत असतो. या पंधरवड्यात एक कागद घ्या. त्यावर औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक, रुग्णाला काय द्यायचे आणि काय नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहा. तो कागद रुग्णाच्या उशाशी लावा. भाऊ, बहीण, नणंद, शेजारी यांपैकी एकाला आठवड्यातले दोन तास मागून घ्या. मागताना संकोच वाटेल, तरी मागा. तो वेळ बाजारहाटीत किंवा बँकेच्या कामात घालवू नका. चालायला जा, तलावावर जा, सायकल पुसून हवा भरून घ्या.

इनादा रोज पोहून परत येत, ते आपल्या आजारी पत्नीकडेच. तो तास त्यांनी तिच्या वाट्यातून चोरला होता, असे कोण म्हणेल? त्या तासाने त्यांना तिच्या उशाशी बसण्याचे बळ दिले आणि ती गेल्यानंतर एकट्याने जगण्याचेही. आपल्या घरातला तो तास कोणता, हे आज रात्रीच ठरवावे.